साडेबारा टक्के आणि पाच हुतात्मे : नवी मुंबईतील एका शोकाचा इतिहास

ठाणे खाडीच्या पूर्वेकडील किनाऱ्यावर दिघ्यापासून उरणपर्यंत गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत जे शहर उभे राहिले, त्याचा इतिहास बहुधा नियोजनाच्या बाजूने लिहिला जातो. त्यात आराखडे असतात, समित्या असतात, वाशीचा पूल आणि रेल्वेमार्ग असतो, परंतु १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांच्या वाट्याला एखाददुसरे वाक्यच येते. या दोन दिवसांत उरण तालुक्यातील जासई आणि नवघर-पागोटे परिसरात भूसंपादनाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. ज्या गावांतील ही माणसे होती, त्या गावांनी आपला शोक दहाव्या-तेराव्यापुरता ठेवला नाही; त्यांनी तो जमिनीच्या एका विशिष्ट हक्काशी जोडला, आणि पुढे जो काही दिलासा मिळाला तो मुख्यतः या जोडणीतून मिळाला. हा दिलासा कसा घडला आणि तो कुठे अपुरा राहिला, हे पाहण्यासाठी आधी ती जमीन कशी होती हे समजून घ्यावे लागते.

उरण, पनवेल आणि ठाणे तालुक्यांच्या खाडीकाठची बरीचशी भातशेती मुळात समुद्राची होती. भरतीचे पाणी जिथवर चढते अशा दलदलीच्या भागाला खाजण म्हणतात, आणि खाजणाभोवती मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर अडवून, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढून जी शेतजमीन तयार केली जाते तिला खारभूमी म्हणतात. बांधामध्ये जागोजागी उघाडी असते, म्हणजे असे दार, की जे ओहोटीच्या वेळी आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ देत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमिनींचे बांध सामाईक जबाबदारीवर राखले जात, आणि ही पद्धत ब्रिटिश काळातील गॅझेटिअरनेही नोंदवली आहे. जिथे बांध घालून शेती करणे परवडत नसे, तिथे मिठागरे होती, आणि आगरी समाजाचे जीवन भात, मीठ आणि मासळी या तिन्हींवर चाले. किनाऱ्याला कोळी समाजाची गावे होती.

या शेतीचे एक वैशिष्ट्य असे, की ती एकट्याने करताच येत नाही. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याचा बांध फुटला तर नुकसान बहुतांशी त्याचे एकट्याचे होते. खारभूमीत मात्र उधाणाच्या भरतीत बाहेरच्या बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडले, तर खारे पाणी सगळ्यांच्या खाचरांत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे भात नीट पिकत नाही. त्यामुळे खांड गेल्याची हाक आली की कोणाच्या शेताजवळ गेली हे न विचारता घमेली, फावडी, पेंढा आणि चिखल घेऊन सगळ्या गावाला बांधावर जावे लागे. आंदोलनाच्या काळात या गावांनी जी एकजूट दाखवली तिचे श्रेय केवळ नेतृत्वाला किंवा पक्षसंघटनेला देणे अपुरे ठरते. एका घरावर आलेले संकट गावाचे मानण्याची सवय या लोकांच्या अंगी बांधांनी आधीच मुरवलेली होती.

जमिनीची मालकी मात्र जुनी नव्हती. कुलाबा जिल्ह्यातील बरेचसे कसणारे शेतकरी खोत आणि सावकारांची कुळे होते, आणि त्या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप अनेक वर्षे चालला. त्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून, त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. याचा अर्थ असा, की नव्या शहरासाठी १९७० साली जेव्हा भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन अनेक घरांत कागदोपत्री मालकीची होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली होती. सातबाऱ्यावर नाव लागल्याचा आनंद पाहिलेली माणसे त्या वेळी हयात आणि कर्ती होती. नियोजनाच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात ही गोष्ट जवळजवळ येतच नाही, आणि ती वगळली तर १९८४ चा संताप समजत नाही.

मुंबईवरचा ताण कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर उभारावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली होती. तिचा पाठपुरावा करण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश या शहरासाठी निश्चित करण्यात आला. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली झाले. त्या कायद्यानुसार जमिनीची किंमत अधिसूचनेच्या तारखेला जी असेल तीच धरली जाई, आणि त्यावर दिलासा रक्कम या नावाने पंधरा टक्के अधिक दिले जात. म्हणजे ताबा आणि निवाडा कितीही वर्षांनी झाला तरी भाव अधिसूचनेच्या दिवसाचाच राही. शहर जसजसे वाढे तसतसा शेजारच्या विकसित भूखंडाचा भाव चढे आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्या मानाने लहान होत जाई.

या अन्यायाला राजकीय वाचा फोडणारे नेते दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दि. बा. पाटील, जासईचे होते. शेतकरी कामगार पक्षाचे ते प्रमुख नेते होते, पनवेलचे आमदार म्हणून अनेक वेळा निवडून आले होते, १९७२ ते १९७७ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते आणि १९७७ साली लोकसभेतही गेले होते. न्हावा-शेवा येथील नव्या बंदराच्या उभारणीमुळे उरण तालुक्यातील संपादनाला १९८० नंतर वेग आला, आणि वाढीव मोबदल्याच्या तसेच विकसित जमिनीतील वाट्याच्या मागणीसाठी चाललेले आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये टोकाला पोहोचले. त्या वेळी राज्यात वसंतदादा पाटील यांचे सरकार होते. १६ जानेवारीला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर हजारोंनी जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यात चिर्ल्याचे नामदेव घरत व धुतूमचे रघुनाथ ठाकूर हे दोघे ठार झाले. दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे परिसरात पुन्हा गोळ्या चालल्या आणि पागोट्याचे कमलाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील या तिघांचा मृत्यू झाला. अनेक जण जखमी झाले. एका लहानशा गावातून एकाच दिवशी तीन अंत्ययात्रा निघणे म्हणजे काय, हे ज्यांनी अशी गावे पाहिली आहेत त्यांना सांगावे लागत नाही; तिथे प्रत्येक घर दुसऱ्या घराचे सोयरे असते आणि सुतक जवळजवळ सगळ्या गावाला लागते.

या शोकाला पुढे जे वळण लागले त्याची एक पूर्वपीठिका याच तालुक्यात होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथील अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहाच्या वेळी ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात आठ जण हुतात्मे झाले होते, आणि ते एकाच गावचे नव्हते: चिरनेरबरोबरच मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे आणि दिघोडे या गावांतील आगरी, कोळी, कातकरी आणि न्हावी कुटुंबांतील माणसे त्यात होती. चिरनेरच्या महागणपतीच्या देवळात खिडकीच्या गजावर गोळीची म्हणून एक खूण आजही दाखवली जाते, आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला गावात पोलीस मानवंदना देतात. ज्या दलाच्या पूर्वसूरींनी गोळ्या झाडल्या त्याच दलाने बंदुका उंचावून मृतांना सलामी द्यावी, हा दृश्य बदल स्वातंत्र्याने घडवला होता, आणि उरण तालुक्यातील दोन-तीन पिढ्या तो पाहत वाढल्या होत्या. गोळीला बळी पडलेल्या माणसाचा दिवस त्याच्या घराचा न राहता पंचक्रोशीचा होतो, स्तंभ उभारायचा असतो, तारीख पाळायची असते, हे सारे या लोकांना ठाऊक होते. १९८४ मध्ये फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या वेळी गोळ्या स्वतंत्र भारताच्या पोलिसांच्या होत्या. त्यामुळे चिरनेरच्या हुतात्म्यांना स्वातंत्र्याने जो अर्थ दिला होता, तो जासई-पागोट्याच्या हुतात्म्यांना आपोआप मिळणार नव्हता. तो मिळवावा लागणार होता.

तो मिळवण्याचा पहिला टप्पा राजकीय होता. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना कुलाबा मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांना निवडून दिले. गोळीबाराला त्या वेळी वर्षही झाले नव्हते. दुसरा टप्पा स्मरणाचा: १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला पागोट्यात हुतात्म्यांना अभिवादन करण्याची प्रथा पडली, हुतात्म्यांच्या तिन्ही गावांत स्मारके झाली, आणि हे दिवस वर्षानुवर्षे पाळले जात आहेत. या कार्यक्रमांचा साचा लक्षात घेण्याजोगा आहे. घरच्या वर्षश्राद्धात मृताच्या आवडीचे पान वाढतात, आणि त्यात मागणीला जागा नसते. जानेवारीच्या अभिवादनात पुष्पचक्र वाहिल्यावर भाषणे होतात, आणि त्या भाषणांत त्या वर्षी अडकलेल्या प्रश्नांची यादी वाचली जाते: कोणत्या गावाचे भूखंड राहिले, कोणत्या वारसांच्या नोंदी झाल्या नाहीत, कोणत्या प्रकल्पात भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावासमोर उभे राहून उरलेल्या हक्काची बाकी दरवर्षी मांडण्याची ही पद्धत आहे, आणि तिच्यामुळे घरातल्या माणसाचे जाणे व्यर्थ गेले या विचारापासून त्या कुटुंबांचे रक्षण झाले असावे असे मानण्यास जागा आहे.

तिसरा टप्पा कायद्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. मार्च १९९० मध्ये राज्य शासनाने निर्णय काढून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण स्वीकारले, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यात सुधारणा करून ते अधिक व्यापक केले. विकसित जमीन म्हणजे रस्ता, पाणी, वीज, गटार यांची सोय झालेला, शहरी वापरासाठी आखलेला भूखंड. ही योजना कशी चालते हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या कुटुंबाची एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर भातजमीन गेली असेल, तर साडेबारा टक्क्यांनी त्याचा हिशोब १,२५० चौरस मीटर होतो. त्यातून शाळा, मैदाने यांसारख्या सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, आणि प्रत्यक्ष हाती ८७५ चौरस मीटरचा भूखंड येतो. त्यावर दीड चटईक्षेत्र मिळते, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम करता येते, आणि त्यातील पंधरा टक्क्यांपर्यंत दुकानांसारखा व्यापारी वापर चालतो. वारसांची पात्रता ठरते, सोडत निघते, भाडेपट्ट्याचा करार होतो.

या आकड्यांकडे कोरडे म्हणून पाहणे योग्य होणार नाही. पैशाचा मोबदला एकदा घेतला की शेतकऱ्याचा त्या जमिनीशी संबंध संपतो. साडेबारा टक्क्यांमुळे तो संबंध शहराच्या आत चालू राहिला, आणि ज्या शहरासाठी माणसे मेली त्या शहराच्या वाढत्या किमतीत त्यांच्या गावांना वाटा मिळाला. देशात इतरत्र जमीन गमावणाऱ्यांना प्रामुख्याने रोख रक्कमच मिळत असताना, विकासात भागीदारी हा विचार या किनाऱ्यावर गोळ्या खाऊन रुजवला गेला. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, शहरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीच्या वीस टक्के क्षेत्र प्रकल्पग्रस्त जमीनमालकांसाठी राखून ठेवावे आणि ते त्यांना संपादनाच्या व विकासाच्या खर्चाइतक्या किमतीला देऊ करावे, अशी तरतूद आहे. तिची मुळे शोधताना नवी मुंबईचा अनुभव टाळता येणार नाही. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, गणेशपुरी आदी दहा गावे हलवताना दिलेला मोबदला तर साडेबावीस टक्क्यांचा होता. या दोन्ही गोष्टींना जासई-पागोट्याचा वारसा म्हणणे अतिशयोक्ती ठरत नाही.

मात्र या दिलाशाच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. योजना सातबाऱ्यावर आधारलेली असल्यामुळे ज्यांचे नाव सातबाऱ्यावर होते त्यांनाच ती लागू झाली. मिठागरांवर राबणारे मजूर, दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणाऱ्या स्त्रिया आणि खाडीच्या मासळीवर जगणारे कोळी यांचे उपजीविकेचे साधन गेले, पण त्यांच्याजवळ टक्केवारी लावण्यासारखा कागद नव्हता. बंदरासाठी उठवलेल्या शेवा गावातील कोळी कुटुंबांसाठी वसवलेला हनुमान कोळीवाडा वाळवीने पोखरला गेला आणि तेथील रहिवासी दशकानुदशके दुसऱ्या पुनर्वसनासाठी झगडत राहिले. भूखंड मिळायला एवढा काळ गेला, की अनेक घरांत एका सातबाऱ्यावरचे वारस चार-पाचांवरून पंचवीस-तीसवर गेले. मग लहान तुकडा वाटून घेण्यापेक्षा बांधकाम व्यावसायिकाशी त्रिपक्षीय करार करून तो हस्तांतरित करणे लोकांनी पसंत केले. त्या पैशातून घरे झाली, मुले शिकली, गाड्या आल्या, आणि काही घरांत पैसा आला तसा गेला. दुसरीकडे वाढत्या कुटुंबांनी मूळ गावठाणाभोवती जी घरे बांधली, ज्यांना शासनाच्या भाषेतही ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हटले जाते, ती नियमित करण्याचा प्रश्न एकामागून एक शासननिर्णय निघूनही वर्षानुवर्षे रेंगाळला. विकलेल्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फलकावर आता जे नाव असते, त्यावरून तो भूखंड कोणत्या मोबदल्यातला आणि कोणत्या आंदोलनातला, हे तिथे राहायला आलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. जमिनीच्या रूपातले स्मारक विकले जाऊ शकते, हा या दिलाशातला सर्वांत मोठा कच्चा दुवा होता.

दि. बा. पाटील यांचे २४ जून २०१३ रोजी निधन झाले, आणि त्यानंतर स्मरणाचे केंद्र हळूहळू नावाकडे सरकले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जून रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा निघाला. १९८४ नंतर जन्मलेले तरुण त्यात मोठ्या संख्येने होते. पुढील वर्षी राज्य मंत्रिमंडळाने आणि विधिमंडळाने या नावाच्या बाजूने ठराव केले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांना भूखंडाची सोडत आठवत नाही, शेतीचा चिखल पायाला लागलेला नाही, अशा पिढीने नावासाठी रस्त्यावर यावे यात केवळ अस्मितेचे राजकारण पाहणे हे अर्धवट वाचन आहे. जमीन गेली, भूखंडही बहुतेक ठिकाणी हातचे गेले, तेव्हा आपल्या माणसांनी काय केले हे शहराला सांगण्यासाठी नावाखेरीज त्यांच्याजवळ फारसे काही उरलेले नाही. तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे: नेत्याचे नाव जितके दूरवर पोहोचले, तितकी त्या पाच जणांची नावे पोहोचली नाहीत. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, अटल सेतू, जिथे जमिनीवर उतरतो तो चिर्ल्याचा परिसर नामदेव घरत यांच्या गावाचा आहे, आणि रोज तिथून जाणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

यावर उपाय अवघड नाही, पण त्याला मुदत आहे. १९८४ साली विशीत असलेली आणि दास्तान फाट्यावर उभी असलेली माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. त्या दिवशी भाकऱ्या बांधून मुलाबाळांसह मोर्चात गेलेल्या स्त्रियांचे वयही तेच. स्मारकांवर मृतांची नावे कोरली आहेत, परंतु जखमी झालेल्यांच्या, अटक झालेल्यांच्या आणि त्या कुटुंबांत नंतर घर सावरणाऱ्यांच्या आठवणी बहुतांशी तोंडीच आहेत. जासई, चिर्ले, धुतूम आणि पागोटे येथील ग्रामपंचायती, परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि ज्या महामंडळाने या भूमीवर शहर वसवले त्या सिडकोने एकत्र येऊन या आठवणींचे ध्वनिमुद्रण, मोबदल्याच्या आणि भूखंडवाटपाच्या कागदपत्रांचे संकलन आणि बुजत चाललेल्या खारबांधांची नोंद येत्या काही वर्षांत पूर्ण करावी, आणि ते सारे याच तालुक्यात, सर्वांना पाहता येईल असे ठेवावे.